भावाने फसवलं, मंडळी म्हणते माफ कर. म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील गेल्यावर दादाने तुम्हाला रजिस्टर ऑफिसला नेलं, बाबांचं घर आपल्या दोघांच्या नावावर करायचंय असं सांगून सह्या घेतल्या, अंगठा घेतला, फोटो काढला, आणि मागच्या वर्षी तुम्ही प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढलात तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं, म्हणजे घरातला तुमचा वाटा दादाला सोडून दिल्याचा कागद. विचारायला गेलात तर वहिनीसमोर म्हणाला, "तुझ्या लग्नात दिलं ते काय कमी होतं?" आता तो दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, शास्त्रपाठ वाचतो, आणि तुम्हाला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेववत नाही, ट्रे आला की शेजारणीकडे सरकवता. मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले, लोक म्हणतात माफ करून टाक, कोर्टकचेरी नको, येशूने तर क्रुसावरून माफ केलं. आणि तुम्ही विचारताय की माफ करायचं कसं, केलं तर घरावर पाणी सोडायचं का, आणि मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे त्याला जायचं का.

मी पाळकाची, म्हणजे पास्टरची, बायको म्हणून लोकांची दुःखं ऐकायला लागले, मग रीतसर समुपदेशन शिकले, आणि आता बरीच वर्षं हेच काम करतेय. सगळ्यात जास्त वेळा समोर आलेला प्रश्न हाच. नवऱ्याला माफ कसं करू, सासूला कसं, भावाला कसं, बापाला कसं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा करू नका.

आधी सरळ उत्तर. माफ करायचं, हो. ख्रिस्ती माणसाला त्यातून सुटका नाही आणि मी तुम्हाला ती देणारही नाही. पण माफ करणं म्हणजे दादाने केलं ते चूक नव्हतं असं म्हणणं नाही, घर सोडून देणं नाही आणि उद्यापासून त्याच्यावर पुन्हा पहिल्यासारखा विश्वास टाकणंही नाही. ह्या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या मंडळ्यांमध्ये त्या एकात एक कालवून दुखावलेल्या माणसाच्या गळ्यात मारल्या जातात, आणि बहुतेक वेळा ते माणूस बाई असतं.

मग माफी म्हणजे काय? मत्तयाच्या १८व्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला पाठ असेल. येशूचा शिष्य पेत्र ह्याने विचारलं, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा? येशू म्हणाला सातच्या सत्तरपट, आणि मग ती दोन चाकरांची गोष्ट सांगितली. त्यातले आकडे आपण कधी नीट बघत नाही. पहिल्या चाकरावर राजाचं कर्ज होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. आजची मजुरी पाचशे रुपये धरली तर तीन हजार कोटी रुपये! कुठला नोकर फेडणार? राजाने ते सोडलं. आणि त्याच नोकराने बाहेर येऊन ज्याचा गळा धरला त्याच्याकडून येणं होतं शंभर दिनार. आपण प्रवचनात सांगतो "क्षुल्लक रक्कम". क्षुल्लक कशी? शंभर दिवसांची मजुरी आहे ती, त्याच हिशोबाने पन्नास हजार रुपये. मजुराच्या घरातून पन्नास हजार गेले तर त्या घरात काय होतं ते तुम्हाला मला माहितेय. येशूने हा आकडा मुद्दाम तेवढा मोठा ठेवलाय असं मला वाटतं. तुमचं जे गेलं ते खरंच गेलं, ते थोडं नव्हतं, हे तो मान्य करतो. आणि तरीही म्हणतो गळा सोड.

गळा सोडणं, माझ्या लेखी माफीचं सगळ्यात सरळ वर्णन हेच. आता ह्याला मी शिक्षा देणार, ह्याचं वाईट झालेलं मी बघणार, ह्याला आतल्या आत दर दिवशी फाशी देणार, हा हक्क सोडायचा आणि ते खातं देवाकडे द्यायचं. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल तेच सांगतो, सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, फेड करणं त्याचं काम आहे. बघा, तो असं म्हणत नाही की फेड होणारच नाही. होईल, पण करणारे तुम्ही नाही. आणि लगेच पुढच्या १३व्या अध्यायात सांगतो की वाईट करणाऱ्याला शिक्षा करायला देवाने राज्यसत्ता ठेवलीय. म्हणजे कोर्ट, पोलीस, कायदा ही सूडाच्या जागी आलेली गोष्ट आहे, ती माफीच्या विरुद्ध नाही.

ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स आठवतात का? त्यांचे पती ग्रॅहम हे बारीपद्याला कुष्ठरोग्यांमध्ये काम करायचे. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात रात्री गाडीत झोपलेले असताना त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना, फिलिप १० वर्षांचा आणि टिमोथी ६ वर्षांचा, जाळून मारलं. ग्लॅडिसबाई मुलगी एस्थरला घेऊन मागे राहिल्या आणि त्यांनी सगळ्या देशासमोर सांगितलं की मी मारणाऱ्यांना माफ केलंय. आपण प्रवचनात इथे थांबतो. पण खटला चाललाच ना. २००३ साली मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेप केली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिसबाईंनी माफी आणि कायद्याची शिक्षा ह्या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवल्या, माझ्या मनात द्वेष नाही, गुन्ह्याचं काय करायचं ते कायदा बघेल, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्या पळूनही गेल्या नाहीत, २००४ पर्यंत तिथेच राहून कुष्ठरोग्यांचं काम करत राहिल्या. एवढ्या मोठ्या दुःखात माफी आणि कायदा शेजारी शेजारी चालू शकतात तर घराच्या कागदाबाबत का नाही चालणार?

आता मंडळीतले लोक तुम्हाला करिंथकरांस पहिल्या पत्राचा ६वा अध्याय दाखवतील, नक्की दाखवतील, कदाचित दाखवलाही असेल. भावाने भावावर परक्यांच्या कोर्टात फिर्याद करावी का, त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही, असं पौल लिहितो. हे वचन आहे, मी ते टाळणार नाही. पण एक वचन वाचून पुस्तक मिटू नका, सगळा परिच्छेद वाचा. पाचव्या वचनात तो मंडळीला विचारतो की भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आणि आठव्या वचनात ज्याने लुबाडलं त्याला झापतो, तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्याच भावांना. म्हणजे सोसून घे हे ऐकवण्याचा अधिकार त्याच मंडळीला आहे जी आधी निवाडा करायला बसली आणि जिने फसवणाऱ्याला समोर बसवून जाब विचारला. तुमच्या मंडळीने दादाला एकदा तरी विचारलंय का? तुमच्या पत्रावरून तर वाटत नाही. पुढच्या बाकावरच्या माणसाला कोणी काही विचारत नाही आणि मागच्या बाकावर रडणाऱ्या बाईला सगळे शिकवतात, ह्याचा मला मनापासून राग येतो आणि तो राग पाप आहे असं मी मानत नाही. इफिसकरांस पत्रात रागावा पण पाप करू नका असंच लिहिलंय.

आणि हक्क मागणं हे अख्ख्या बायबलला वर्ज्य असतं तर गणनाचा २७वा अध्याय तिथे नसता. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे आणि सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहून म्हणाल्या की आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का मिटावं, आम्हाला वतन द्या. देव म्हणाला, ह्या मुली बरोबर बोलतायत. आपल्या महिलांच्या सभेत हा पाठ किती वेळा ऐकलाय तुम्ही?

पण ह्याच्या समोर लूकाचा १२वा अध्यायही ठेवते, कारण एकच बाजू सांगणं बरं नाही. तिथे गर्दीतला एक माणूस अगदी तुमचाच प्रश्न घेऊन येतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा वतन वाटून दे. येशू म्हणतो मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं, आणि मग लोभापासून सांभाळा असं बजावतो. हे तो मागणाऱ्यालाही बजावतो. म्हणून ताई, घर मागायच्या आधी एकदा स्वतःला नीट विचारा की मला वाटा हवाय की मला दादाला रस्त्यावर आलेला बघायचाय? पहिलं असेल तर निःशंक मागा. दुसरं असेल तर अजून गळ्यावर हात आहे, तो आधी काढा, मागणं त्यानंतरही करता येतं.

व्यवहाराचं इथेच सांगून टाकते. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाच्या वारसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, मृत्युपत्र नसेल आणि आई आधीच गेलेली असेल तर मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, लग्नात काय दिलं त्याने वाटा कमी होत नाही. आणि फसवून घेतलेला कागद रद्द करून मागायला मुदत असते, साधारणपणे फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. तुम्हाला मागच्या वर्षी कळलंय. आधी मनापासून माफ करते, मग बघू, असं म्हणत बसलात तर ती मुदत निघून जाईल आणि मग जी कटुता येईल ती आत्तापेक्षा वाईट असेल, हे मी लोकांच्या घरात बघितलंय. तेव्हा वकिलाला ह्याच महिन्यात भेटा. भेटणं म्हणजे केस टाकणं नव्हे.

आणि त्याच्या बरोबरीने मत्तय १८ चा रस्ता धरा, तोच अध्याय, पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. एकट्याने तुम्ही गेलात, झालं. आता पाळकांना पत्र लिहा, व्हॉट्सॲपवर नको, कागदावर, की मला दोन-तीन जाणती माणसं बसवून द्या जी दोघांपैकी कोणाच्याही नात्यातली नाहीत, दादाने कागद घेऊन यावं, मी माझा घेऊन येते. तारीख मागा. बैठकीत दादा "देतो" म्हणाला तर देवाचे आभार माना, पण हक्कसोडपत्र रजिस्टर झालेलं आहे, तोंडी शब्दाने ते उलटत नाही, त्याला रजिस्टर कागदच लागतो. तो होईपर्यंत वकिलाचं काम चालू ठेवा. ह्यात अविश्वासूपणा काही नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानेसुद्धा नुसतं सॉरी म्हटलं नव्हतं, चौपट परत करतो म्हणाला, आणि त्यानंतर येशू म्हणाला आज ह्या घराला तारण, म्हणजे उद्धार, झालं.

आता आतलं काम. ते कागदापेक्षा अवघड.

बऱ्याच लोकांना वाटतं की माफी म्हणजे मनात एक दिवस अचानक गोडवा उतरणार, दादा दिसला की मायेने भरून येणार, आणि ते होत नाही तोपर्यंत आपण माफ केलं नाही. एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, माफी हाच त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि हा अभ्यास चालू असतानाच १९९६ च्या नववर्षाच्या रात्री त्यांच्या म्हाताऱ्या आईचा घरात घुसलेल्या माणसाने खून केला. ते दोन प्रकारची माफी सांगतात, एक निर्णयाची आणि एक भावनेची. निर्णय म्हणजे मी सूड घेणार नाही, ह्याच्याशी माणसासारखं वागेन, हे ठरवणं. ते आज करता येतं. भावना मागाहून, हळूहळू, तिच्या वेळेने येते, कधी वर्षानुवर्षं लागतात. मला हा फरक फार उपयोगी पडतो कारण समोर बसलेल्या बाईला मी सांगू शकते की तू आज खोटं हसू नकोस, पण आज निर्णय करू शकतेस.

निर्णय करायच्या आधी मात्र हिशोब मांडा. एक वही घ्या, कोणी बघणार नाही अशी, आणि काय काय गेलं ते लिहा. घराचा अर्धा वाटा, ते तर आहेच. पण मला वाटतं तुमचं खरं दुखणं तेवढंच नाहीये. माहेर गेलं. मे महिन्यात चार दिवस जाऊन राहायची जागा गेली, स्वयंपाकघरातल्या फडताळात आईचं गाण्यांचं पुस्तक असेल, त्याच्या पानांत तिने ठेवलेले नाताळचे कार्ड असतील, ते आता "त्यांच्या घरात" आहे आणि मागायला लाज वाटते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढल्या त्या कोणी मोजल्या नाहीत. आणि दादा हा शब्द गेला, लहानपणी शाळेत कोणी त्रास दिला की ज्याचं नाव सांगायचात तो. सगळं लिहा. कारण जे मोजलंच नाही ते सोडणार कसं? "जाऊ दे, काही नाही झालं" ही माफी नाही, ती फक्त झाकपाक आहे आणि ती दोन वर्षांनी कुठल्यातरी बारशात, भलत्याच माणसावर फुटते.

लिहून झालं की ते देवासमोर मोठ्याने वाचा. स्तोत्र ५५ काढा, दावीद म्हणतो शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू, माझा सोबती, माझा मित्र, आपण मिळून देवाच्या मंदिरात जायचो. तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, पुढच्या बाकासकट. त्या स्तोत्रात पुढे शत्रूबद्दल फार कडक शब्द आहेत, ते वगळू नका, तेही वाचा. देवाला तुमच्या रागाचा धक्का बसत नाही. तो राग त्याच्यापाशी ओतला की दादावर ओतायची गरज कमी होते, एवढं मी खात्रीने सांगते.

मग नाव घेऊन म्हणा: "प्रभू, दादाने मला फसवून सही घेतली. हे पाप आहे. ह्याची शिक्षा द्यायचा हक्क मी तुझ्याकडे देते." एवढंच. लांबलचक नको. आणि त्या दिवसापासून दोन-तीन गोष्टी बंद करायच्या, ह्या माझ्या अनुभवात सगळ्यात कठीण जातात. नवीन माणूस भेटला की ती गोष्ट परत पहिल्यापासून सांगायची नाही. नवरा, पाळक, वकील, एक जिवलग मैत्रीण, बास. मुलांच्या मनात मामाबद्दल विष घालायचं नाही, त्यांना खरं काय ते एकदा शांतपणे सांगायचं आणि मामाशी त्यांचं नातं त्यांना ठरवू द्यायचं. त्याच्या घरात काही वाईट घडलं, आजारपण आलं, नोकरीला धक्का लागला, तर "बघा देवाने दाखवलं" हे तोंडातून काढायचं नाही, मनात आलं तरी.

आणि प्रार्थना. येशूने सांगितलंय छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. पहिल्यांदा दात-ओठ खाऊनच होते ती, होऊ द्या. "प्रभू दादाला आशीर्वाद दे" म्हणवत नसेल तर "प्रभू दादाला सत्य दिसू दे" म्हणा, तोही आशीर्वादच आहे.

दोन आठवड्यांनी सगळं परत वर येईल. उतारा दिसेल, नाहीतर वहिनी बाजारात नवीन पडद्यांचं कापड घेताना दिसेल, आणि पोटात तोच गोळा. तेव्हा "माझी माफी खोटी होती" असं म्हणू नका. सातच्या सत्तरपट हा आकडा मला वाटतं एकाच जखमेलाही लागतो, माणूस नवीन चारशे नव्वद अपराध करतो तेव्हाच नाही, एक अपराध चारशे नव्वद वेळा आठवतो तेव्हाही. आठवला की परत तेच वाक्य म्हणायचं. हळूहळू मधलं अंतर वाढतं.

विश्वास परत कधी टाकायचा ह्यासाठी मला योसेफाची गोष्ट सगळ्यात जास्त शिकवते, उत्पत्ती ४२ पासून. भावांनी विकलेला हा माणूस, मिसरात मोठा अधिकारी झाला, पहिला मुलगा मनश्शे झाला तेव्हा म्हणाला देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. आणि मग दुष्काळात ते भाऊ धान्य मागायला समोर आले. काय केलं त्याने? लगेच मिठी मारली? नाही. ओळख दिली नाही, दुभाष्यामार्फत बोलला, त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून ठेवलं. पण त्याच वेळी त्यांच्या गोण्या धान्याने भरल्या आणि त्यांचे पैसे गुपचूप परत गोणीत ठेवले. बाजूला जाऊन रडला, तोंड धुऊन परत आला. पोटाला घातलं, पण मन उघडं केलं नाही, कारण ही माणसं बदललीत का हे त्याला माहीत नव्हतं. मग सगळ्यात धाकटा भाऊ बन्यामिन, त्याच्या गोणीत प्याला ठेवून परीक्षा घेतली. आणि योसेफाला विकायची कल्पना ज्याची होती तो यहूदा पुढे येऊन म्हणाला, ह्या पोराला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. तेव्हा योसेफाचा बांध फुटला. बदल डोळ्यांनी दिसल्यावर ओळख दिली, त्याआधी नाही.

आणि तरीही नातं पूर्ण सरळ झालं नाही, हे फार कमी लोक सांगतात. त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं जगला, आणि तो मेल्यावर भावांना वाटलं आता योसेफ सूड घेणार, त्यांनी घाबरून निरोप पाठवला. १७ वर्षं एकत्र जेवूनसुद्धा! योसेफ परत रडला. म्हणाला, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. म्हणजे तोंडावर सांगितलं की वाईट योजलं होतं, आणि पुढच्याच वाक्यात त्यांच्या मुलाबाळांना पोसायचं वचन दिलं. तुमच्याकडून मला एवढंच हवंय, ह्यापेक्षा जास्त नाही.

इथे एक गोष्ट बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, कारण हे उत्तर कोणीतरी भलत्या ठिकाणी लावेल. घरात नवरा मारतोय आणि मंडळी म्हणतेय माफ कर आणि नांदायला जा, तर जाऊ नका. आधी सुरक्षित जागी जा, १८१ वर फोन करा, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडे जा, माफी नंतर दुरूनही करता येते. आणि लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर तिथे माफीचा विषय मोठ्यांनी काढायचाच नाही, पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, पाळकालासुद्धा. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसवणं हा मुलावर दुसरा अत्याचार आहे. येशूला कोणी चपराक मारली तेव्हा त्यानेही विचारलं होतं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?

तुम्ही अजून एक लिहिलंय, की मी माफ नाही केलं तर देव मलाही माफ करणार नाही ही भीती वाटते. मत्तय १८ च्या शेवटी ते कडक शब्द आहेतच. पण त्या चाकराला बघा, तो गळा दाबताना रडत नव्हता. ज्याला माफ करायचंच नाही आणि ज्याला करायचंय पण जमत नाहीये, ह्या दोघांना एका तराजूत घालू नका. तुम्ही एवढं मोठं पत्र लिहून विचारताय ह्याचाच अर्थ तुम्ही दुसऱ्यातल्या. आणि कधी कधी पूर्ण तुटलेल्या ठिकाणी देव काय करतो तेही बघा. सिस्टर राणी मारिया ह्यांना फेब्रुवारी १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसमध्ये भोसकून मारलं, गरीब मजुरांची बाजू घेतली म्हणून. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, २००२ साली तुरुंगात गेली आणि मारणाऱ्याच्या हाताला राखी बांधून आली. पुढे तो सुटला, केरळात त्यांच्या आईवडिलांना भेटायला गेला. ती राखी बांधायला मधे सात वर्षं गेली होती, तुमचं तर एकच वर्ष झालंय.

प्रभुभोजनाचं. ताई, ट्रे सरकवू नका. वेदीपाशी दान ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर असं येशू ज्याला म्हणतो त्याचं वर्णन नीट वाचा, मत्तय ५, "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं ज्याला आठवतं तो. म्हणजे ज्याने दुखावलंय तो. ते वचन पुढच्या बाकासाठी आहे. तुम्ही तो निर्णय केलात, ते वाक्य म्हटलंत, की भाकर घ्या, अंगात राग थरथरत असला तरी घ्या. ते भोजन बरं झालेल्यांसाठी ठेवलेलं बक्षीस नाही.

आणि पुतण्याचं लग्न. माझं मत, जा. पोराने काही केलेलं नाही आणि आत्या म्हणून तुमची जागा कागदावर अवलंबून नाही. नवऱ्याला बरोबर घ्या, चर्चमध्ये बसा, जेवा, आहेर करा, दादा समोर आला तर "अभिनंदन दादा" म्हणा, तेवढं खरं बोलणं पुरे, गळ्यात पडायची गरज नाही. कोणी काकी-मावशी "आता मिटवून टाका बाई" म्हणून दोघांचा हात हातात द्यायला आली तर हसून सांगा, पाळकांकडे बैठक ठेवलीय, तिथे बोलू. मांडवात घराचा विषय तुम्ही काढू नका आणि त्याने काढला तर उत्तर देऊ नका. मुक्कामाला थांबू नका, संध्याकाळी परत या. फक्त त्याआधी पाळकांना पत्र गेलेलं असू द्या आणि वकिलाची भेट झालेली असू द्या, म्हणजे तुम्ही तिथे घाबरून किंवा तोंड दाबून बसलेल्या नसाल. जाताना वकिलाकडे उतारा आणि हक्कसोडपत्राची नक्कल न्या, नक्कल नसेल तर ज्या रजिस्टर ऑफिसला दस्त झाला तिथे अर्ज केला की मिळते.